रक्त-लघवी तपासणीची तयारी: उपास किती, औषधं कधी आणि नमुना नेमका कुठे बिघडतो

लॅबमधलं यंत्र त्याच्यापुढे आलेला नमुना मोजतं, तो कशा अवस्थेत घेतला गेला हे त्याला कळत नाही. सकाळी दोन घोट दूध-साखरेचा चहा झाला, व्यायामशाळेतून थेट रक्त द्यायला गेलात, लघवीची डबी तीन तास गाडीत राहिली, तर त्या सगळ्याचा परिणाम आकड्यांत उतरतो. मग त्या आकड्यावर औषधाचा डोस बदलतो, नाहीतर नको त्या पुढच्या तपासण्या मागे लागतात. यातलं बरंचसं आदल्या दिवशी थोडं लक्ष दिलं तर टळतं.

एक गोष्ट सगळ्यात आधी. तपासणीपूर्वी चार दिवस कडक पथ्य पाळून साखर किंवा कोलेस्टेरॉल "चांगलं" आणण्यात काहीच फायदा नाही. डॉक्टरांना तुमचं रोजचं शरीर पाहायचं असतं. नेहमीसारखं जेवा, नेहमीसारखं झोपा, नेहमीची औषधं घ्या. खाली दिलेत ते अपवाद तेवढे पाळा.

उपाशीपोटी म्हणजे किती तास

चिठ्ठीवर कोणत्या तपासण्या लिहिल्या आहेत ते आधी वाचा, कारण प्रत्येक रक्त तपासणीला उपास लागत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), रक्तगट यांना जेवून गेलं तरी चालतं. उपास लागतो तो मुख्यतः फास्टिंग शुगरला (उपाशीपोटीची साखर) आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर लिपिड प्रोफाइलला (रक्तातल्या चरबीची तपासणी).

फास्टिंग शुगरसाठी किमान ८ तास आणि लिपिडसाठी ९ ते १२ तास धरतात. दोन्ही एकत्र असतील तर १० ते १२ तासांचा उपास सोयीचा. रात्रीचं जेवण ९ वाजता संपलं तर सकाळी ७ ते ९ च्या दरम्यान रक्त द्या. जितका जास्त उपास तितका रिपोर्ट अचूक, असं मात्र नाही. १४ तासांच्या पुढे गेल्यावर शरीर साठ्यातली चरबी जास्त प्रमाणात वापरायला काढतं आणि काही आकडे वेगळ्याच दिशेने सरकतात. काही लोकांचं बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) तर नुसत्या लांबलेल्या उपासाने वाढतं आणि कावीळ असल्याची शंका उगाच येते.

लिपिडच्या बाबतीत खरा फरक पडतो तो ट्रायग्लिसराइड या चरबीमध्ये. जेवणानंतर ते वाढतं, एकूण कोलेस्टेरॉल मात्र फारसं हलत नाही. पण अनेक लॅब एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) थेट न मोजता सूत्राने काढतात, आणि नेहमीच्या सूत्रात ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते उत्तर भरवशाचं राहत नाही. म्हणून पहिल्या तपासणीला डॉक्टर कदाचित उपासाचा आग्रह धरणार नाहीत, पण ट्रायग्लिसराइड जास्त निघालं तर उपाशीपोटी पुन्हा करायला सांगतील.

उपासात साधं पाणी चालतं, आणि ते प्यायलाच हवं. पाणी कमी पडलं की शिरा बसतात, सुई दोनदा टोचावी लागते आणि रक्त घट्ट झाल्यामुळे काही आकडे थोडे वर जातात. उठल्यावर एक-दोन ग्लास पाणी प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती मर्यादा पाळा. चहा, कॉफी, लिंबूपाणी, च्युइंगगम, सिगारेट, तंबाखू हे सगळं बंद. बिनसाखरेची काळी कॉफीसुद्धा नको. दात घासायला हरकत नाही.

उपास चुकून मोडलाच तर काउंटरवर सरळ सांगा. बाकीच्या तपासण्या त्याच दिवशी होऊ शकतात आणि फक्त शुगर-लिपिड दुसऱ्या दिवशी देता येतं. न सांगता रक्त दिलंत तर तो चुकीचा आकडा तुमच्या फायलीत कायमचा बसतो.

मधुमेह असेल तर

इन्सुलिन आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या साधारणपणे जेवणाशी बांधलेल्या असतात. उपाशीपोटी त्या घेतल्या तर वाटेतच साखर घसरू शकते. सकाळचा डोस सोबत न्या आणि रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्या. रात्रीच्या दीर्घकालीन इन्सुलिनचा डोस मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना आधी विचारा. सकाळची पहिली वेळ घ्या, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तपासणीचा विचार सोडून ती लगेच खा.

पीपी शुगरमध्ये (जेवणानंतरची साखर) सर्वात जास्त गोंधळ वेळेचा होतो. २ तास मोजायचे ते जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून, ताट संपल्यापासून नाही. ८:४० ला पहिला घास घेतला तर १०:४० ला सुई लागली पाहिजे, म्हणजे लॅबमध्ये १०:२५ लाच पोहोचायला हवं. जेवण नेहमीचं असू द्या आणि नेहमीची औषधं नेहमीच्या वेळीच घ्या. मधल्या वेळात फिरायला जाऊ नका, स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि आकडा कमी दिसतो.

ग्लुकोज टॉलरन्स टेस्टची तयारी तीन दिवस आधी सुरू होते. त्या तीन दिवसांत रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. आहार एकदम कमी केलेल्या माणसाची साखर या चाचणीत खोटी वाढलेली दिसू शकते. चाचणीच्या दिवशी ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ५ मिनिटांच्या आत प्यायचं आणि पुढचे २ तास बसून राहायचं. उलटी झाली तर चाचणी रद्द समजा आणि लॅबला तसं सांगा. गरोदरपणातल्या काही पद्धतींत उपास लागत नाही, तेव्हा डॉक्टरांनी नेमकी कोणती पद्धत सांगितली आहे ते विचारून घ्या.

औषधं आणि पूरक गोळ्या

रक्तदाबाची, हृदयाची, फिट्सची औषधं तपासणीसाठी बंद करायची नसतात. ती पाण्याबरोबर घेता येतात. रक्त पातळ करणारी गोळीही स्वतःहून थांबवू नका, फक्त रक्त काढणाऱ्याला सांगा. थायरॉइडची गोळी मात्र रक्त दिल्यानंतर घ्या, कारण घेतल्यावर काही तास फ्री टी-४ (थायरॉइडचं हॉर्मोन) वाढलेलं दिसतं. लोहाची तपासणी असेल तर लोहाच्या गोळ्या किमान २४ तास आधी थांबवतात. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधाची पातळी पाहायची असेल तर शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं असतं. इथे एक-दोन तासांनीही अर्थ बदलतो, म्हणून शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून न्या.

बायोटिन या जीवनसत्त्वाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते "औषध" वाटतच नाही. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे हा डोस शेकडो पटींनी जास्त झाला. हॉर्मोन मोजणाऱ्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन त्यात घुसतं आणि मोजणी फसते. अशा चाचणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन) खोटं कमी आणि टी-३, टी-४ खोटं जास्त येतं. चित्र हुबेहूब हायपरथायरॉइडचं (थायरॉइड जास्त काम करत असल्याचं) दिसतं आणि निरोगी माणसाला उपचार सुरू होण्याचा धोका असतो. हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिनची चाचणीही काही यंत्रांवर यामुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. गोळीच्या डबीवरचं लेबल वाचा, बायोटिन असेल तर किमान २ दिवस आधी थांबवा. डोस फार मोठा असेल तर किती दिवस थांबवायचं हे डॉक्टर किंवा लॅबकडून विचारून घ्या.

आदले दोन-तीन दिवस

जोरदार व्यायामाने स्नायूंतून सीके आणि एसजीओटी (हे लिव्हरच्या तपासणीतही मोजतात) ही एन्झाइम्स रक्तात येतात आणि काही दिवस वाढलेली राहतात. लिव्हरची तपासणी असताना हे विसरलं तर निरोगी लिव्हरवर संशय जातो. दोन-तीन दिवस नुसतं चालणं पुरे. मद्य किमान २४ तास, ट्रायग्लिसराइड किंवा जीजीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) पाहायचं असेल तर त्याहून जास्त दिवस टाळा. क्रिएटिनिन असेल तर आदल्या संध्याकाळी भरपूर मांसाहार नको, शिजवलेल्या मांसाने ते तात्पुरतं वाढतं. क्रिएटिनची पावडर घेत असाल तर तेही सांगा. पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीच्या तपासणीआधी ४८ तास वीर्यपतन आणि सायकल चालवणं टाळतात. ताप किंवा संसर्ग चालू असताना नेहमीची वार्षिक तपासणी करूच नये. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) वाढतं, कोलेस्टेरॉल घसरतं आणि दोन्हींचा अर्थ लावता येत नाही.

काही हॉर्मोन्स घड्याळाप्रमाणे चढतात-उतरतात. कॉर्टिसॉल साधारण सकाळी ८ च्या सुमाराला आणि टेस्टोस्टेरॉनही सकाळीच देतात. प्रोलॅक्टिन उठल्यावर तीन-चार तासांनी, शांत बसून द्यावं.

सुई टोचताना

पोहोचल्यावर १० ते १५ मिनिटं बसा. उभं असताना रक्तातलं पाणी शिरांबाहेर सरकतं आणि प्रथिनं, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम थोडं जास्त दिसतं. सैल बाहीचे कपडे घाला. स्तनाच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या असतील, किंवा ज्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला आहे, त्या हातातून रक्त देऊ नका. सलाईन चालू असलेला हातही नको. पूर्वी कधी चक्कर आली असेल तर आधीच सांगा आणि आडवे पडून रक्त द्या.

हाताला बांधलेला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त वेळ राहू नये. शीर सापडायला वेळ लागत असेल तर तो सोडून पुन्हा बांधायला सांगण्यात गैर काहीच नाही. मूठ एकदा हलकी मिटा आणि तशीच ठेवा. वारंवार उघड-मीट केली की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्टमध्ये ते खोटं वाढतं. बारीक सुईतून जोरात ओढलेलं किंवा ट्यूब जोरजोरात हलवल्यामुळे फुटलेलं रक्तही पोटॅशियम असंच वाढवतं. लॅब अशा नमुन्याला हिमोलाइज्ड म्हणते आणि पुन्हा रक्त मागते.

ट्यूबच्या झाकणाचे रंग बिनकामाचे नसतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, त्यात सीबीसी आणि एचबीएवनसी होतं. करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर पेशी तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात, फ्लोराइड त्यांना आवरतं. निळ्या झाकणाची ट्यूब रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी असते आणि ती खुणेपर्यंतच भरावी लागते, कारण ९ भाग रक्ताला ट्यूबमधलं १ भाग द्रावण हे प्रमाण चुकलं की निकाल चुकतो. तुम्ही एवढंच करा: ट्यूबवर तुमचं नाव आणि वय तुमच्या डोळ्यांदेखत लिहिलं किंवा चिकटवलं जातंय ना, ते वाचून पाहा. नमुन्यांची अदलाबदल ही सगळ्यात घातक चूक आहे आणि ती पकडायला दहा सेकंद लागतात.

सुई निघाल्यावर हात सरळ ठेवून कापूस २ ते ५ मिनिटं घट्ट दाबा. कोपर दुमडून कापूस अडकवून ठेवायची सवय सोडा, त्यानेच निळा-काळा डाग पडतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर १० मिनिटं दाबा आणि त्या दिवशी त्या हाताने जड पिशवी उचलू नका.

लघवी आणि इतर नमुने

साध्या तपासणीला सकाळची पहिली लघवी उत्तम. आधी जागा पाण्याने धुऊन घ्या. स्त्रियांनी पुढून मागे पुसावं. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. एका तासात लॅबमध्ये पोहोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. उन्हात किंवा गाडीत राहिलेल्या डबीत जंतू वाढत जातात आणि नसलेला संसर्ग दिसायला लागतो. कल्चरची (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीची) लघवी अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. मासिक पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकला, तातडीची असेल तर पाळी चालू असल्याचं चिठ्ठीवर लिहायला सांगा.

२४ तासांच्या लघवीत पहिल्याच पायरीवर चूक होते. सकाळी ७ वाजताची लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ तिथून सुरू करायचं. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ची धरून. एकदा जरी शौचालयात गेली तरी एकूण आकडा कमी येतो, तेव्हा लपवू नका, पुन्हा सुरू करा. कॅनमध्ये आधीपासून आम्ल असू शकतं. ते ओतून टाकू नका आणि थेट कॅनमध्ये लघवी करू नका, वेगळ्या भांड्यात घेऊन सावकाश ओता.

थुंकी सकाळी, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेली हवी. लाळ चालत नाही. शौचाच्या नमुन्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका. वीर्यतपासणीआधी शेवटच्या वीर्यपतनापासून २ ते ७ दिवसांचं अंतर ठेवतात. नमुना पूर्ण डबीत जायला हवा, सुरुवातीचा भाग सांडला असेल तर सांगा, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. घरून आणत असाल तर डबी अंगाजवळ उबेत ठेवून तासाभरात पोहोचवा.

रिपोर्ट हातात आल्यावर

नॉर्मल रेंज साधारण ९५ टक्के निरोगी लोकांवरून ठरवलेली असते. म्हणजे एखादा आकडा जरा बाहेर गेला म्हणून आजार आहे असं होत नाही. मागच्या रिपोर्टशी तुलना करायची तर तीच लॅब, तीच वेळ आणि तशीच तयारी ठेवा. पण पोटॅशियम किंवा साखर फारच जास्त किंवा फारच कमी छापून आली असेल, तर "नमुनाच बिघडला असेल" असं स्वतः ठरवून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि नव्याने रक्त द्या.