दरडीत घर गेलं, घरात कर्ती बाईच: कागद कुठून सुरू करायचे

तळिये (२०२१) असो की इर्शाळवाडी (२०२३), दरड घराबरोबर कागदही नेते. म्हणून पहिलं लक्ष पंचनाम्यावर. कुटुंबप्रमुख म्हणून बाईचंच नाव लिहून घ्या, सहीआधी वाचा. शेळ्या, भांडी, कणगीतलं भात, सगळं त्यात यायला हवं. नंतर कुणी विचारत नाही.

नवरा गेला असेल तर २१ दिवसांत मृत्यूची नोंद, ३ महिन्यांत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज. खरं घोडं सातबाऱ्यावर अडतं. कोकणात तो बहुधा सामायिक: वर आजेसासऱ्यांचं नाव, खाली मुंबईकर दीर, चुलतदीर. गणपतीला चाकरमानी गावी आले की संमतीपत्रावर सह्या घेऊन टाका. एकदा एसटीत बसले की एकेकाला गाठताना नाकी नऊ येतात. घरपट्टीचा उतारा बाईच्या नावे असेल तर बरंच सोपं.

रेशनकार्डासाठी दिराची परवानगी लागत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच प्रमुख. निराधार विधवेने तहसीलमध्ये संजय गांधी योजनेचा अर्ज करावा: महिना १५०० रुपये, वार्षिक उत्पन्नाचा दाखला २१,००० च्या आतला. बँकखातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधी बघा. मंजूर पैसे तिथेच अडकतात.