आजोबांच्या डब्यातली युद्धकाळातली नाणी कशी ओळखाल

अठ्ठावीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, गुहागर-चिपळूण. चिल्लर बोटांनी मोजायची सवय, त्यामुळे वाटायचं की नाण्यांतलं आपल्याला सगळं कळतं. आजोबा आगबोटीवर खलाशी होते. त्यांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा माळ्यावर सापडला आणि ती घमेंड उतरली.

डब्यात अमेरिकेचा एक सेंट होता, 1943 चा, लालसर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला तांबं दारूगोळ्यासाठी हवं होतं, म्हणून त्या एका वर्षी सेंट पोलादाचे पाडले, वर जस्ताचा मुलामा. आदल्या वर्षाच्या तांब्याच्या काही चकत्या यंत्रात अडकून राहिल्या होत्या, त्यांच्यावर चुकून 1943 चा छाप बसला. अशी नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि किंमत लाखोंत. माझ्या डोळ्यांसमोर लगेच दारात नवी गाडी उभी!

पहिली पायरी लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला काढा, नाहीतर फ्रिजवरच्या स्टिकरचाही चालेल. माझा सेंट टक्कन चिकटला. म्हणजे आत पोलाद, वर कुणीतरी तांब्याचं पाणी चढवलेलं. आमच्या हिने नुसतं विचारलं, "मग गाडी पेट्रोलची घ्यायची की डिझेलची?"

चिकटला नाही तरी नाचू नका. सोनाराच्या काट्यावर ठेवा. पोलादाचा सेंट 2.70 ग्रॅम, तांब्याचा 3.11. वजनही तांब्याचं भरलं, तर भिंगातून तारखेतला 3 बघा. 1948 मधल्या 8 ची डावी बाजू तासून 3 करणारे बहाद्दर पुष्कळ. अस्सल 1943 च्या तीनचं शेपूट लांब खाली उतरतं. शेजारी साधा पोलादी सेंट ठेवून ताडून पाहा, आकडा अगदी तसाच हवा. 1944 च्या सेंटला उलटा नियम: तो पुन्हा तांब्याचा झाला, म्हणून चुंबकाला चिकटणारा 1944 दुर्मीळ.

साध्या पोलादी सेंटला आपल्याकडे फारसे पैसे येत नाहीत. त्यात कोकणचा खारा वारा. मुलामा आधी पट्टीला दिला आणि चकत्या नंतर कापल्या, त्यामुळे कड उघडी राहिली. गंज तिथूनच धरतो.

आता आपली नाणी, डब्यात जास्त तीच असतात. भोकाचा पैसा 1943 ते 47 चा. भोक ही चूक नव्हे, तांबं वाचवायचा उपाय. पैसा जेमतेम 2 ग्रॅमचा झाला. माझ्या लहानपणी असे पैसे पोरांच्या करगोट्यात ओवलेले असत. पिवळसर आणे निकेल-पितळेचे, 1942 ते 45 मधले. आधीचे पांढरट आणे तांबं-निकेलचे होते, युद्धात निकेल दुसरीकडे लागलं.

खरी गंमत रुपयाची. 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. पूर्वी सोनार रुपयानेच तोळा मोजत. 1940 पासून चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 वर आणली. 1947 चा, मागे वाघ असलेला रुपया तर नुसत्या निकेलचा. वजन तिन्हींचं तेच, म्हणून काटा इथे फसवतो. वाघाचा रुपया चुंबकाला चिकटतो, तो लगेच वेगळा निघतो. उरलेल्या दोघांसाठी पाण्याचा प्रयोग करा. दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा 1.13 च्या आसपास दाखवेल तर चांदी जुनी, 1.22 च्या आसपास तर निम्मी. दोऱ्याला गाठ लहान मारा आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे काडीने झाडा. पहिल्यांदा मी ते झाडले नाहीत आणि चांगला रुपया निम्म्या चांदीचा ठरवून बसलो.

आणि नाणी घासू नका. हे मी शिकलो ते नुकसान करून. डब्यातले चार भोकाचे पैसे मी देवाच्या तांब्यासारखे आमसुलाने घासून लख्ख केले. चिपळूणच्या नाणेवाल्याने ते पाहिले आणि परत माझ्या हातावर ठेवले. "काका, वरची तपकिरी साय होती तीच किंमत होती," म्हणाला. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवा, मऊ फडक्याने टिपा, पुसू नका. हिरवी बुरशी असेल तर ते नाणं वेगळं ठेवा.

नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलीत तर पावसाळ्यात चिकट हिरवी होतात. मी कागदी पाकिटं वापरतो, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत नव्या चपलांच्या खोक्यातल्या त्या दाणेदार पुड्या. त्या दमट होतात, म्हणून गणपती झाले की बदलायच्या. लालसर सेंटही तिथेच आहे. पाकिटावर हिने पेन्सिलीने लिहून ठेवलंय: गाडी.