प्रायरच्या आधी कोण? स्वप्नातला लाइन-अप लावायची रीत

"रिचर्ड प्रायर, एडी मर्फी, ख्रिस रॉक, डेव्ह शपेल, केव्हिन हार्ट. झाला लाइन-अप, मावशी!" अमेरिकेतल्या कॉमेडियनांची एवढी नावं उरकून भाचा पोह्यांकडे वळला. मी विचारलं, "सुरुवात कोण करणार?" उत्तर नाही. "आणि प्रायरच्या आधी कोण उभं राहणार?" तेही नाही.

मोठी नावं लिहून काढली की यादी होते, शो होत नाही. पुण्यात एका तळघरातल्या हॉलमध्ये मी कॉमेडीचे शो लावते. स्वतः माइक धरत नाही. कोणाला किती मिनिटं द्यायची, कोणाच्या मागून कोणाला सोडायचं, वेळ संपल्याचा लाइट कधी दाखवायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉमेडियनांना वेगवेगळ्या काळांतून उचलून एका रात्रीत एका स्टेजवर आणायचं, हा खेळ मी जरा जास्तच मनावर घेते. कसा खेळायचा ते सांगते.

आधी जागा ठरवा, नावं नंतर. छताची उंची आणि पहिली रांग किती जवळ आहे, यावर अर्धा विनोद ठरतो. डिक ग्रेगरी सूट घालून, सिगरेट हातात धरून, गप्पा मारल्यासारखं बोलायचा. त्याला स्टेडियमात उभं केलंत तर त्याचे पॉज हवेत विरतील. एडी मर्फीचा १९८३ मधला लाल लेदरचा सूट आमच्या तळघरात आला तर पहिल्या रांगेला घाम फुटेल. मी बहुतेक वेळा न्यूयॉर्कचं अपोलो थिएटर घेते. हार्लेम, १२५वा रस्ता, साधारण दीड हजार खुर्च्या. तिथे १९३४ पासून बुधवारची अमॅच्युअर नाइट चालते. नवखा कलाकार स्टेजवर येताना 'ट्री ऑफ होप' म्हणून ठेवलेल्या झाडाच्या बुंध्याला हात लावून येतो आणि लोकांना आवडला नाही तर हुर्यो सुरू होते. मग सँडमन सिम्स नावाचा टॅप डान्सर झाडू घेऊन यायचा आणि बिचाऱ्याला झाडून विंगेत पाठवायचा. असा प्रेक्षक मिळाला की लाइन-अपमध्ये कोणाला उगाच खपवून घ्यायची सोय राहत नाही.

प्रेक्षक कोणत्या सालचे, हेही आधीच ठरवून टाका, नाहीतर मध्येच भांडण होतं. आमचा नियम असा की त्यांना सगळ्यांत अलीकडच्या कॉमेडियनच्या काळापर्यंतचं सगळं माहीत आहे आणि सगळ्यांत जुन्याच्या काळातलं काहीही ते विसरलेले नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हॉटेलांत काळ्या माणसाला टेबल मिळत नसे, हे ज्याच्या हाडात आहे त्यालाच ग्रेगरी पुरता लागेल.

आता मुख्य गोष्ट. माणूस निवडू नका, त्याचं साल निवडा. नुसतं 'प्रायर' लिहून चालत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा प्रायर बिल कॉस्बीच्या वळणावर जाणारा, गोड, टीव्हीला चालेल असा मुलगा होता. १९६७ मध्ये लास वेगासच्या अलादिन हॉटेलात भरल्या हॉलसमोर तो मध्येच थांबला, 'मी इथे करतोय काय' अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि स्टेजवरून निघून गेला. त्या रात्रीचा प्रायर बोलावलात तर तुमचा शो तिथेच संपला! मला हवा तो डिसेंबर १९७८ चा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. तोच कार्यक्रम पुढे १९७९ मध्ये फिल्म म्हणून लागला.

त्यातला हार्ट अटॅकचा तुकडा काढून बघा, आवाज बंद करून. प्रायर इथे आपल्याच हृदयाची भूमिका करतो. छातीवर मूठ आवळते, चेहरा वाकडा होतो, गुडघे वाकायला लागतात. मग आवाज सुरू करा. हृदय त्याला गल्लीतल्या दादासारखं दम देतंय, श्वास घेऊ नकोस म्हणतंय, आता मरणाचा विचार करतोस होय, डुकराचं मांस हाणताना कुठे गेला होता हा विचार? आणि हा हात जोडल्यासारखा गयावया करत खाली बसतो, मग आडवा होतो. जमिनीवर पडलेला एक माणूस, हातात माइक, आणि समोर लोक हसून बेजार. खुर्ची नाही, टेबल नाही, दुसरं कुणीही नाही.

सालाने आणखी एक फरक पडतो. १९७८ च्या प्रायरच्या तोंडी काळ्यांसाठीची ती कुप्रसिद्ध शिवी सर्रास येते; त्याच्या एका गाजलेल्या अल्बमच्या नावातही ती होती. १९७९ मध्ये तो केनियाला जाऊन आला आणि त्याने तो शब्द सोडला. १९८२ च्या फिल्ममध्ये हे तो स्वतः सांगतो, आणि १९८० साली स्वतःला जाळून घेतल्याचंही. म्हणजे तुम्ही चार वर्षं पुढे सरकलात तर तुमच्या स्टेजवर दुसराच माणूस उभा राहतो. भाच्याला १९८२ चा हवा असतो. त्याचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही.

साल ठरलं की प्रत्येकजण हसवतो कशाच्या जोरावर, ते बघायचं. काही वाद घालतात: ग्रेगरी, ख्रिस रॉक. काही पात्रं उभी करतात: प्रायर, मर्फी, वूपी गोल्डबर्ग. काही निवांत गोष्ट सांगतात, काही प्रेक्षकांनाच झोडपतात. एका जातीचे दोघे लागोपाठ ठेवायचे नाहीत. मर्फी लहानपणापासून प्रायरचा भक्त, दोघेही अंगात माणसं आणणारे. एका रात्रीत दोघं आले की लोक हसायचं सोडून गुण देत बसतात. म्हणून माझ्या शोमध्ये मर्फी नाही. हे सांगितलं की भाचा चहा अर्धवट सोडून उठतो. रॉकचंही तेच. १९९६ चा रॉक स्टेजवर येरझाऱ्या घालत एकच वाक्य दोनदा-तीनदा ठासून म्हणतो आणि मग त्याचा स्फोट करतो. ग्रेगरी असताना तो नको, आणि ग्रेगरी मला हवाच आहे.

ग्रेगरीचं साल १९६१. त्या जानेवारीत शिकागोच्या प्लेबॉय क्लबात त्याला ऐन वेळी बदली म्हणून बोलावलं होतं आणि समोर निघाले दक्षिणेकडून आलेले फ्रोझन फूड कंपन्यांचे गोरे अधिकारी. क्लबवाले म्हणाले, राहू दे. तो म्हणाला, मी जाणार. गेला, टोमणे झेलले, परतवले आणि लोकांना जिंकूनच खाली उतरला. तिथून तो टीव्हीवर पोचला, आणि तिथेही जॅक पारच्या गप्पांच्या कार्यक्रमात नुसते विनोद करून निघून जायला तयार झाला नाही. गोऱ्या पाहुण्यांसारखं कोचावर बसवून बोलणार असाल तरच येतो म्हणाला. त्याचा तो हॉटेलातला किस्सा ऐकलाय? समोर तळलेली कोंबडी येते आणि तीन गोरे येऊन दम देतात, "त्या कोंबडीचं तू जे करशील तेच आम्ही तुझं करू." हा सुरी-काटा खाली ठेवतो, कोंबडी उचलतो आणि तिचा मुका घेतो.

अशा हळू आवाजाच्या माणसामागून कोण येणार? इथे मला बर्नी मॅक लागतो, आणि तोही १९९२ चा. एचबीओवरच्या डेफ कॉमेडी जॅममध्ये त्याच्या आधीच्या माणसाला लोकांनी हुर्यो देऊन घालवलं होतं. हॉल पेटलेला. बर्नी आला आणि पहिलंच वाक्य टाकलं की मी तुम्हाला घाबरत नाही. मग दोन-तीन वाक्यं, डीजे किड कॅप्रीला हुकूम, संगीत, ठेका, पुन्हा तेच, मी घाबरत नाही. एखाद्या शोमधली सगळ्यांत वाईट जागा अशाच माणसाला द्यायची असते. नवखे आयोजक वाईट जागी कच्चा माणूस ठेवतात आणि मग प्रेक्षकांना नावं ठेवतात.

होस्टकडे लोक दुर्लक्ष करतात, भाचा तर त्याला धरतच नाही. होस्ट म्हणजे दर दहा-पंधरा मिनिटांनी घर पुन्हा आवरून देणारा माणूस. त्याने स्वतः भाव खायचा नाही, पण त्याला हलकंही घेता कामा नये. स्टीव्ह हार्वी या कामात पक्का होता. हार्वी आणि आणखी तिघांच्या 'किंग्ज ऑफ कॉमेडी' दौऱ्यावरची स्पाइक लीची २००० सालची फिल्म बघा आणि विनोद सोडून फक्त हार्वी मधल्या वेळात काय करतो तेवढं पाहा. त्यांचा क्रमही अभ्यासण्यासारखा आहे: डी. एल. ह्यूली झपाट्याने बोलणारा, मग सेड्रिक अंगाने बोलणारा, शेवटी बर्नी जागेवर उभा राहून गुरगुरणारा. तिघांचा वेग वेगळा. तरी मी होस्ट म्हणून रॉबिन हॅरिसला घेते, १९८९ चा. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी ॲक्ट थिएटरमध्ये तो उशिरा येणाऱ्यांचे कपडे, चपला, सोबतची बाई, काही म्हणजे काही सोडत नसे. मोठे नट आले तरी तीच हजेरी. मार्च १९९० मध्ये शिकागोत शो करून तो हॉटेलवर झोपला तो उठलाच नाही. वय ३६. अपोलोत उशिरा येणारे असणारच, त्याला काम कमी पडणार नाही.

सुरुवात वांडा साइक्स करेल, २००६ ची. ओपनरकडून मला एकच गोष्ट हवी असते: पहिलं हसू अर्ध्या मिनिटात. ती आली की चेहऱ्यावरूनच कळतं की बाईंना कशाचा तरी वैताग आलाय, आणि कशाचा ते ऐकायला लोक लगेच पुढे सरकतात. स्टेजवर येण्याआधी ती अमेरिकेच्या एनएसएमध्ये, म्हणजे हेरखात्यात, खरेदी विभागात नोकरीला होती. सरकारी ऑफिसात वर्षं काढलेल्या माणसाचा वैताग वेगळाच असतो, तो मला ओळखू येतो.

आता भाच्याला विचारलेला प्रश्न. प्रायरच्या आधी कोण?

माझं उत्तर मॉम्स मेबली, १९६२, ज्या साली ती कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली. साठी ओलांडलेली बाई. ढगळ घरचा झगा, बेंगरूळ टोपी, तोंडात दात नाहीत, पाय घासत माइकपर्यंत येते आणि समोरच्या लोकांना 'मुलांनो' म्हणून हाक मारते. मग सांगते की म्हाताऱ्या पुरुषाचा मला उपयोग एकच, एखाद्या तरुणाचा निरोप घेऊन आला तर. हे म्हातारीचं सोंग तिने भर तारुण्यात घ्यायला सुरुवात केली होती आणि वय हळूहळू सोंगाला येऊन मिळालं. स्टेजबाहेर हीच बाई झोकात पुरुषी सूट घालून फिरायची. वर्णभेदाच्या काळात काळ्या कलाकारांच्या वाट्याला जी थिएटरं होती, वॉशिंग्टनचं हॉवर्ड, बाल्टिमोरचं रॉयल, शिकागोचं रीगल, त्या चिटलिन सर्किटवर तिची हयात गेली, आणि अपोलो तर तिचं घरच. तिला कोणाच्याही आधी, कोणाच्याही नंतर उभं करा, तिला फरक पडत नाही. प्रायरच्या आधी कोणी वेगाने गेलं तर प्रायरला त्याच्याशी शर्यत लावावी लागते. मॉम्स वेग उतरवते आणि हसू मात्र उतरू देत नाही. लोक तिच्याकडे झुकून ऐकतात आणि झुकलेलेच प्रायरला मिळतात.

प्रायरनंतर कोणी नाही. भैरवी झाल्यावर कोणी तंबोरा पुन्हा जुळवत नाही.

मध्यंतर कुठे द्यायचं, याचा कोणी विचार करत नाही. मी ते थेट प्रायरच्या आधी देते, कारण लाँग बीचला तो असाच आला होता, लोक अजून जागेवर बसताहेत तेवढ्यात. आणि आल्या आल्या त्याने धरलं ते मध्यंतरातून परतणाऱ्या गोऱ्यांनाच, ज्यांच्या खुर्च्यांवर आता काळे बसलेत. ही सुरुवात त्याला आयती मिळाली पाहिजे.

तर माझा कागद असा: हॅरिस होस्ट, मध्ये मध्ये मिळून दहा मिनिटं. वांडा दहा. ग्रेगरी बारा. बर्नी आठ, एक मिनिटही जास्त नाही. मग डेव्ह शपेल, २००० चा, पंधरा मिनिटं. रात्री तीन वाजता लिमोझिनमधून भलत्या वस्तीत पोचण्याची आणि कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बाळाची ती गोष्ट, तीच पुरे, बर्नीने तापवलेला हॉल तिच्यात निवतो. मॉम्स पंधरा. मध्यंतर. प्रायर पन्नास.

बिल कॉस्बीचं काय, असं कोणीतरी विचारतंच. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात त्याला २०१८ मध्ये शिक्षा झाली, २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वरच्या कोर्टाने ती रद्द केली, पण त्या बायकांनी जे सांगितलं ते वाचल्यावर मला त्याला माइक द्यायचा नाही. तरुण प्रायर कळण्यासाठी त्याचं नाव घ्यावं लागतं, तेवढं घेते.

उरलेल्यांसाठी रात्री बाराचा दुसरा शो ठेवा, छोट्या हॉलात. तिथे अडेल गिव्हन्सला होस्ट करा. रेड फॉक्स, १९५६ नंतरचा, ज्याच्या चावट विनोदांच्या पार्टी रेकॉर्ड लोक मुलं झोपल्यावर लावायचे. त्याची सेंट लुइसपासूनची मैत्रीण लावांडा पेज, जी आधी स्टेजवर आगीचे खेळ करायची. २०११ चा पॅट्रिस ओनील. आणि सगळ्यांत शेवटी पॉल मूनी, ज्याने प्रायरसाठी लिहिलं आणि ज्याच्या शोमधून गोरे प्रेक्षक उठून जायचे. तो किती वेळ बोलेल सांगता येत नाही, आणि तोवर पहाटेचे अडीच वाजलेले असतील, त्यामुळे कोणी उठून गेलं तरी ते रागाने गेलं की झोपेने, हे त्याला कळणार नाही.