डीटीएफ प्रिंटरची पांढरी शाई अडली? हेडच्या आधी हे तपासा

डीटीएफ म्हणजे डिझाइन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कपड्यावर उतरवण्याची पद्धत. गणपतीच्या तोंडावर मंडळांच्या टी-शर्टची कामं येतात आणि नेमकी तेव्हाच पांढरी शाई दगा देते. काळ्या कपड्यावर लाल-पिवळा उठून दिसतो तो खालच्या पांढऱ्या थरामुळे. तो थर विरळ झाला की सगळी डिझाइन मळकट दिसते. अशा वेळी बहुतेक जण हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ करणारं हेड क्लिनिंगचं बटण दाबतात. जमलं नाही की पुन्हा दाबतात, मग पॉवर क्लिनिंग, म्हणजे जास्त जोराची सफाई. महागडी शाई वेस्ट टँकमध्ये (वाया गेलेल्या शाईच्या टाकीत) जाते, आणि लाइनमध्ये, म्हणजे शाईच्या नळीत, हवा असेल तर ती ओढली जाऊन थेट हेडपर्यंत पोचते. म्हणून क्लिनिंग एकदा, फार तर दोनदा. त्यानंतर बटण सोडा आणि बिघाड कुठे आहे ते शोधा.

खालची माहिती एपसन एल१८०० किंवा एक्सपी६०० हेडवर बनवलेल्या छोट्या ए३ मशिनना धरून आहे. मोठ्या मशिनमध्ये भाग वाढतात, तपासायचा क्रम तोच राहतो.

पांढरीच का अडते? तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड असते आणि ती पाण्यापेक्षा साधारण चौपट जड. मशिन उभं राहिलं की पूड बाटलीत, टँकमध्ये, नळीत, डॅम्परमध्ये, मिळेल तिथे खाली बसते. रंगीत शाईत हा त्रास फार कमी.

१. नोझल चेक दोनदा काढा

नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं, आणि नोझल चेक म्हणजे ती चालतात का ते दाखवणारी रेषांची चाचणी छपाई. लागोपाठ दोन नोझल चेक काढून त्यावर १ आणि २ लिहा. पारदर्शक फिल्मवर पांढऱ्या रेषा दिसत नाहीत, तेव्हा फिल्म काळ्या टी-शर्टवर ठेवून बघा. अर्धं निदान इथेच होतं.

दोन्ही चेकमध्ये रेषा त्याच जागी तुटल्या असतील, तर नोझलमध्ये शाई सुकली आहे. तुटलेली जागा दर वेळी बदलत असेल, तर हवा शिरली आहे किंवा शाई पुरेशी पोचत नाही. चेक चोख येतो, पण मोठी डिझाइन छापताना पांढरा हळूहळू फिका होत जातो? मग हेड निर्दोष आहे, पुरवठा तोकडा पडतोय. क्लिनिंगने काहीच फरक पडत नसेल तर कॅप (थांबलेलं हेड ज्यावर बसतं ती वाटी) आणि तिच्यातून शाई ओढणाऱ्या पंपाकडे वळा.

२. कॅप आणि पंप

हेड बाजूला सरकवा. कॅपच्या रबरी कडेवर सुकलेल्या शाईचा कंगोरा दिसतो का बघा. तेवढ्यानेही हेडखाली फट राहते, मग पंप शाईऐवजी हवा ओढत बसतो. धागे न सोडणारा फोमचा स्वॅब क्लिनिंग लिक्विडमध्ये भिजवून कड पुसा. कानाची काडी नको, तिचा कापूस सुटतो. वायपरही (हेड पुसणारी रबरी पट्टी) पुसून घ्या. तो मळलेला असला की एका रंगाची शाई दुसऱ्या रंगाच्या नोझलवर फासली जाते.

आता कॅपमध्ये काठोकाठ क्लिनिंग लिक्विड भरा आणि क्लिनिंग चालवा. कॅप रिकामी झाली तर पंप ठीक. लिक्विड तसंच साचून राहिलं तर पंप किंवा वेस्टची नळी तुंबली आहे. ती मोकळी होईपर्यंत पुढे काही करण्यात अर्थ नाही.

३. टँकपासून डॅम्परपर्यंत

टँकचं हवेचं भोक उघडं आहे ना? नळी कुठे दुमडली आहे का? ढवळणारी मोटर फिरते का? शाईची पातळी हेडच्या थोडी खालीच हवी. टँक उंचावर ठेवला तर शाई हेडमधून ठिबकते.

मग डॅम्पर, म्हणजे हेडवर बसणारी ती छोटी प्लास्टिकची डबी. तिच्यात बारीक जाळी असते आणि बसलेली पूड तिथेच अडकते. मशिन बंद करून प्लग काढा. डॅम्पर हलक्या हाताने सोडवा, त्याच्या तोंडाला सिरिंज लावा आणि सावकाश ओढा. आधी शाई आणि बुडबुडे मिसळून येतील. सलग, दाट शाई येईपर्यंत ओढत राहा. दांडा जड जात असेल, ओढून सोडल्यावर मागे जात असेल, तर वाट कुठेतरी बंद आहे. डॅम्पर काढून थेट नळीतून ओढून बघा. नळीतून शाई सुरळीत आली तर दोष डॅम्परचाच. तो धुऊन चालवण्याची काटकसर मला पटत नाही. हेडच्या मानाने डॅम्पर अगदी स्वस्त पडतो, सरळ नवा बसवा.

हे करताना हेडच्या चपट्या केबलवर एक थेंबही पडू देऊ नका. ओल्या केबलसह मशिन चालू केलं तर हेड आणि मदरबोर्ड दोन्ही जाऊ शकतात.

४. सुकलेले नोझल

कॅपमध्ये शाईच्या कंपनीचं क्लिनिंग लिक्विड भरा, हेड त्यावर पार्क करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी एक साधं क्लिनिंग, मग चेक. रेषा वाढल्या असतील तर पुन्हा तेच करा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मागे राहतात. सिरिंजने हेडमध्ये जोरात लिक्विड मारणं तर नकोच, त्या दाबाने हेड आतून फुटतं.

रोजची काळजी

वीज गेली की हेड छपाईच्या मध्येच उघडं राहतं आणि सुकू लागतं. छोटा यूपीएस हवाच. दुकान बंद करताना आधी मशिनचं बटण बंद करा, हेड कॅपवर बसू द्या, मग भिंतीवरचा स्विच. घाईत अनेक जण थेट स्विच पाडतात.

खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के हवी. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात ती फार खाली जाते, आणि एसी हवा आणखी कोरडी करतो. काम नसलं तरी रोज सगळ्या रंगांची एक पट्टी छापा. मोठ्या सुट्टीवर जाताना पांढऱ्या लाइनमध्ये शाईऐवजी क्लिनिंग लिक्विड भरून ठेवा. दोन कंपन्यांची पांढरी शाई एका टँकमध्ये मिसळू नका, गुठळ्या होण्याचा धोका असतो.

नवा डॅम्पर, चांगली कॅप, भरलेली लाइन, एवढं असूनही एखादा रंग पूर्ण गायबच असेल, तर हेडची किंवा बोर्डाची शक्यता आली. मग कारागिराला बोलवा आणि त्या दोन्ही नोझल चेकच्या फिल्म त्याला दाखवा.