स्पेनमध्ये मोड, सुट्टे आणि उरलेले पैसे कसे मागावेत

सुरुवातीला चार शब्द पुरेत: एफेक्तीबो (रोख), तार्खेता (कार्ड), बियेते (नोट), मोनेदा (नाणे). त, द मराठीसारखेच दंत्य आहेत, इंग्रजीच्या सवयीने ट, ड करू नका.

१. किंमत विचारा. दुकानात "क्वांतो एस?", बारमध्ये पैसे द्यायचे असतील तर "मे कोब्रा, पोर फाबोर?"

२. आकडा नीट ऐका. युरो, थेंतिमो (सेंट) हे शब्द बोलताना बहुधा गाळतात. १,७० युरोला (म्हणजे एक युरो सत्तर सेंट) नुसतेच "उनो सेतेंता" म्हणतात. सेसेंता (६०) आणि सेतेंता (७०) यांत हमखास घोळ होतो. मधला वर्ण पकडा: सेइसचा (६) स, सिएतेचा (७) त. शंका आली तर "मे लो एस्क्रीबे?" म्हणून आकडा लिहून मागा.

३. आता खरी अडचण. बरीच पुस्तके इंग्रजीतल्या 'चेंज'वरून सरसकट काम्बिओ शिकवतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. आपण मोड, सुट्टे आणि उरलेले पैसे यांत सहज फरक करतो, तोच इथे वापरा.

नोट मोडून हवी असेल तर काम्बिओ, पण रक्कम सांगूनच: "तिएने काम्बिओ दे थिंकुएंता?" म्हणजे पन्नासची मोड आहे का. रक्कम न सांगता नुसते "तिएने काम्बिओ?" विचारले, तर मोड हवी आहे की नाणी, हे समोरच्याला कळत नाही.

खिशातली चिल्लर म्हणजे सुएल्तो. बिल १०,२० झाले आणि तुम्ही वीसची नोट पुढे केली, की "तिएने बेइंते थेंतिमोस?" असा प्रश्न येतो. वीस सेंट दिलेत तर दहाची एक नोट परत मिळेल, नाहीतर ९,८० ची नाणी-नोटा मोजत बसावे लागेल. नसतील तर "नो येबो सुएल्तो" म्हणा. नुसते 'नो' म्हणून गप्प राहणे तुसडेपणाचे वाटते.

दुकानदार परत देतो ती रक्कम म्हणजे 'ला बुएल्ता'. तिलाही काम्बिओ म्हणतात, पण बुएल्ता म्हटल्यावर दुसरा अर्थ निघत नाही. काउंटर सोडण्याआधी मोजा. कमी निघाले तर लगेच: "पेर्दोने, मे फाल्ता उन एउरो" (माफ करा, एक युरो कमी आहे). एकाहून जास्त युरो असतील तर फाल्तान. मोठी नोट देताना तिची रक्कम मोठ्याने म्हणा, म्हणजे पुढे "ले ए दादो उन बियेते दे थिंकुएंता" (मी पन्नासची नोट दिली होती) असा वाद घालायची वेळ येत नाही.

४. उरलेले ठेवा म्हणायचे असेल तर "केदेसे कोन ला बुएल्ता."

हे शब्द स्पेनचे. पेरू, चिलीत सुट्ट्यांना सेन्सियो आणि परतीच्या पैशांना बुएल्तो म्हणतात. तिथे थिंकुएंताचा उच्चारही सिंकुएंता होतो.