ताक सोसत नाही, मग उन्हाळ्यात प्यायचं काय? या चुका टाळा

भर उन्हात वावरातून आलेल्या माणसापुढे आपल्याकडे आधी ताक येतं. ते प्यायल्यावर थोड्या वेळात चेहरा लाल होत असेल, डोकं ठणकत असेल, नाक चोंदत असेल, तर दरवेळी उन्हाला दोष देऊ नका. हिस्टामिन हे शरीरात आणि आंबवलेल्या पदार्थांतही असणारं एक रसायन. ते मोडणारं डीएओ नावाचं विकर (एन्झाइम) लहान आतड्यात कमी पडलं, तरी असा त्रास होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'घरचं आहे, बाधणार नाही' असं धरून चालणं. आंबवताना काही जिवाणू हिस्टामिन तयार करतात. विरजण घरोघरी वेगळं, म्हणून एका घरचं ताक सोसतं, दुसऱ्या घरचं नाही. त्यात लाइन गेली की फ्रिजमधलं दहीही आंबत राहतं. मग आंबट ताक वाया जाऊ नये म्हणून कढी होते. उकळल्यानं जिवाणू मरतात, पण आधीच तयार झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. थंड करूनही ते जात नाही. रात्रभर आंबवलेल्या आंबिलीचंही तेच. त्याऐवजी ज्वारीच्या पिठाची ताक न घालता, लगेच शिजवलेली पातळ पेज करून पाहा. जिरं-मीठ घातलं की चांगली लागते.

संत्र्याचं प्रकरण वेगळं आहे. त्यात हिस्टामिन फारसं नसतं. लिंबूवर्गीय फळं शरीरातलंच हिस्टामिन मोकळं करतात असा अंदाज आहे, पण पुरावा कच्चा. काटोल-वरूडच्या माणसाला कुणाच्या पथ्याच्या यादीवरून संत्रं कायमचं सोडायला लावणं मला पटत नाही. दोन-चार आठवडे बंद ठेवा, मग थोडा ताजा रस घेऊन बघा. उसाच्या रसात लिंबू नको म्हणून आधीच सांगा.

मोहाची असो की शिंदी, दारू मात्र नकोच. ती डीएओचं कामच अडवते.

आणि सगळं बंद करून तहानेलं राहणं ही तर जीवावर बेतणारी चूक. माठाचं स्वच्छ पाणी, ताजं नारळपाणी चालतं. फार घाम गेला किंवा जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. लिंबाची गरज नाही. बीपी, शुगर किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

काही प्यायल्यावर ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा भोवळ आली, तर ती ॲलर्जी असू शकते. घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा.