वडिलांची सुतारकामाची हत्यारं विकायची आहेत? भंगारवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा

भंगारवाल्याच्या काट्यावर सगळं लोखंड एकाच भावाचं. चौदा इंची लोखंडी रंधा साधारण दोन किलो भरतो. किलोला तीस रुपये धरले तर त्याचे साठ रुपये झाले. तोच रंधा तडा न गेलेला, पातं शाबूत असलेला आणि जुन्या इंग्लिश बनावटीचा असेल, तर वापरणारा माणूस हजारांत बोलतो. म्हणून घर रिकामं करायची कितीही घाई असली तरी पहिला फोन भंगारवाल्याला नको.

हंगामही बघा. बडोद्यात जूनच्या मध्यावर पाऊस लागला की माळ्यावरच्या पेटीतलं उघडं पोलाद बघता बघता लाल होतं. विकणं पावसाआधी उरकत नसेल तर निदान तेलाचा हात फिरवून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतला दमट वारा तिथेच कोंडतो आणि गंज जास्त चढतो. दसऱ्याच्या आगेमागे मिस्त्रींच्या हाताला काम असतं आणि खिशात पैसे असतात. दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत मात्र कोणी फिरकणार नाही.

आधी घरातलं मिटवा

वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तूंवर आई आणि सगळ्या भावंडांचा हक्क असतो. सगळी हत्यारं चादरीवर मांडून फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका आणि ज्याला जे हवं ते सांगायला आठ दिवस द्या. विकून झाल्यावर 'बाबांचा तो छोटा रंधा कुठाय' हा प्रश्न येतोच आणि तो रंधा तेव्हा परत मिळत नाही. मुठींवर ठोकलेली अक्षरं वाचा. कारागीर आपल्या नावाची अक्षरं मुठीवर पाडतात. ती वडिलांची नसतील तर हत्यार जोडीदाराकडून उसनं आणलेलं असू शकतं. उलटही होतं, त्यामुळे शेजारी आणि जुने सहकारी यांच्याकडेही एकदा विचारा.

काय कशाचं आहे ते ओळखा

या कामाला एक अख्खा रविवार द्या, कारण पुढचा भाव इथेच ठरतो. पेटीच्या तळाशी पडलेला एकही तुकडा 'कशाचा आहे कोण जाणे' म्हणून टाकू नका. लोखंडी रंध्याचं पातं, पात्यावर स्क्रूने बसणारी दुसरी पट्टी, वरची दाबपट्टी आणि मागची मूठ एकत्र असतील तरच तो रंधा. दाबपट्टी हरवली तर उरतात फक्त सुटे भाग. लाकडी रंध्याची पाचर त्याच रंध्याच्या खाचेत घासून बसवलेली असते, दुसऱ्याची चालत नाही. खाचा आणि गोलवा काढायच्या रंध्याची पाती बहुधा वेगळ्या डबीत असतात आणि ती डबी खिळ्यांच्या डब्यांत मिसळलेली सापडते. ड्रिलची चावी, राउटरचे (लाकडात खाचा कोरणाऱ्या मशीनचे) कोलेट, म्हणजे पातं पकडणारी कडी, आणि टेबल सॉची सरकपट्टी ज्याची त्याला सुतळीने बांधून ठेवा.

मग नाव शोधा. स्टॅनले, रेकॉर्ड, मार्पल्स, डिस्टन, सोर्बी, किंवा 'शेफील्ड' हा शिक्का दिसला तर ते हत्यार बाजूला काढा. आपल्याकडच्या अनंत, ग्रोझ, तापारिया यांनाही मागणी असते, पण ती वापरणाऱ्यांची, संग्राहकांची नाही. लाकडी रंध्याचा ठोकळा घरी घडवलेला आणि आतलं पातं शेफील्डचं, असं पुष्कळदा निघतं. तिथे किंमत पात्याची असते.

अशा पात्याची धार उजेडात तिरपी धरा. उतारावर दोन रंग दिसले, एक मऊ करडा आणि खाली बारीक चकचकीत थर, तर ते जोडपोलादाचं पातं आहे. धार फक्त त्या चकचकीत थराला राहते. खाचेपासून धारेपर्यंत तो थर किती उरलाय ते मोजून लिहून ठेवा. इंचभर असेल तर गिऱ्हाईक खूश. थर संपलेला असेल तर पातं कितीही लांब असो, ते निव्वळ लोखंड आहे.

पटाशी उलटी करून सपाट पाठ बघा. धार म्हणजे ही पाठ आणि उतार जिथे मिळतात ती रेघ. पाठीवर टोकापासच्या अर्ध्या-पाऊण इंचात गंजाचे खड्डे असतील तर धार दर वेळी खड्ड्यापाशी तुटते, म्हणून जाणता माणूस आधी पाठच बघतो. वरवर लाल झालेली पण खड्डे नसलेली पटाशी चांगलीच समजा. टोक निळं पडलेलं असेल तर कोणीतरी ती ग्राइंडरवर तापवलेली आहे. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तो घासून काढावा लागेल.

लोखंडी रंधा ओतीव असतो आणि हातातून पडला की तडकतो. तडा बहुधा तोंडाच्या कोपऱ्यातून कडेकडे जातो, पण मळ भरल्याने दिसत नाही. रॉकेलने पुसून उन्हात बघा. पितळेने जोडलेला तडाही सांगितलाच पाहिजे, कारण घेणारा तो घरी जाऊन शोधतो. करवतीला दात बोथट असले तरी चालतात, पण पातं वाकलेलं चालत नाही. मुठीकडून डोळ्यासमोर धरून दातांची रेघ सरळ आहे का बघा.

बडोद्यातल्या पेट्यांत एक वेगळा माल निघू शकतो. 1890 साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या कलाभवनाने इथे हाताने काम करणाऱ्यांच्या पिढ्या शिकवल्या. रेल्वेच्या वर्कशॉपात आणि फाउंड्यांत ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, करणारेही अनेक होते. अशा पेटीत 'चुकीची' फूटपट्टी मिळते: एक फुटाला साधारण एक अष्टमांश इंच जास्त. ती चुकीची नाही. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, तेवढं जास्त माप तिच्यात आधीच धरलेलं असतं. अशा पट्ट्या आणि सोबतच्या लांब, पातळ, गोल पटाश्या जपून ठेवा, त्यांना वेगळं गिऱ्हाईक आहे.

साफसफाई: कमी केली तर भाव जास्त

रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी, पितळी ब्रश आणि शेवटी मशीन ऑइलचा हात, एवढं पुरे. सैल गंज निघाला पाहिजे. जुन्या पोलादावरची काळपट झाक काढायची नाही. ग्राइंडरला लावलेली वायरची चकती, एमरीचा जाड कागद, चंदेरी रंग यातलं काहीही केलंत तर शिक्के बुजतात आणि घेणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलंय. पांढऱ्या व्हिनेगारमध्ये रात्रभर बुडवून गंज निघतो खरा, पण पोलाद करडं पडतं. जुन्या करवतीच्या पात्यावर कोरलेलं कंपनीचं नाव तर पुसूनच जातं. स्वस्त क्लॅम्पला हा उपाय चालेल. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच कोरडं करून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा लाल. मुठींना फार तर जवसाचं तेल, व्हार्निश नको. आणि धार लावू नका. घेणारा आपल्या हाताने लावतो, तुमची लावलेली त्याला आधी काढावी लागते.

विजेची हत्यारं

बरीच वर्षं पडून असलेलं मशीन थेट प्लगला लावू नका. आधी वायर बघा, उंदरांनी कुरतडलेली असते. लोखंडी बॉडीच्या जुन्या मशीनला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची वायर जागेवर आहे का तेही बघा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर, म्हणजे वीज बाहेर झिरपते का ते मोजायचं मीटर, असतो. त्यावर एक मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर ते मशीन 'चालू' म्हणून विकू नका. मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कांड्या) झिजून पाच-सहा मिलिमीटरवर आले असतील तर नवी जोडी बसवून घ्या. थोडाच खर्च होतो आणि चालवून दाखवता आल्याने भाव बराच सुधारतो. चालवताना कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणं ठीक. गोल फिरणारी नारिंगी आगीची रेघ दिसली तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलंय, तसं सांगून सुट्या भागांच्या भावाने द्या.

मोठ्या मशीनच्या मोटरवरची पाटी वाचा. थ्री फेज असेल तर घरगुती गिऱ्हाईक बाद, मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपांत विचारा. ब्लेडवरचं गार्ड काढून टाकलेलं असेल तर तेही आधी सांगा.

भाव कसा धरायचा

तशाच हत्याराची आजची दुकानातली किंमत विचारून या. चांगल्या स्थितीतल्या हातहत्याराला तिच्या निम्म्याच्या आसपास, वायरवाल्या चालू मशीनला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मागा. बॅटरीवाल्या जुन्या मशीनची बॅटरी मेलेली असेल तर जवळपास काहीच येत नाही. जुन्या इंग्लिश-अमेरिकन हत्यारांना हा हिशेब लागू नाही. त्यांच्या तशाच मालाचे मागितलेले नव्हे, प्रत्यक्ष मिळालेले भाव बघा. जाहिरातीत कोणीही काहीही मागतं.

प्रत्येक वस्तूसमोर खालचा भाव लिहा आणि बेरीज करा. ही बेरीज हातात नसेल तर 'बधुं मळीने पांच हजार' (सगळं मिळून पाच हजार) हे वाक्य मोठं वाटतं. सगळा माल एकदम उचलणारा बेरजेच्या साठ टक्क्यांपर्यंत आला तर देऊन टाकायला हरकत नाही, तुमचे महिनाभराचे रविवार वाचतात. पण उत्तम दोन वस्तू उचलून बाकी ठेवणाऱ्याला त्या दोन पूर्ण भावाने द्या. आई एकटी घरी असेल तर भाव बोलायचं काम तिच्यावर टाकू नका. घेणारे दुपारीच येतात आणि 'बेन, आ तो बधुं कटाई गयुं छे' (ताई, हे तर सगळं गंजलंय) ऐकून आई म्हणते, बरं, घेऊन जा.

कुणाला विकायचं

रोजच्या वापराच्या पटाश्या, हातोड्या, करवती, गुण्या, क्लॅम्प हे सगळं काम करणाऱ्या मिस्त्रीला. एकेक न विकता शिकाऊ पोराला पुरेल असा संच करा: चार पटाश्या, एक रंधा, एक करवत, गुण्या, मोगरी, धारेचा दगड. जवळ कुठे फर्निचरचं काम चालू असेल तिथे जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवा. कोरीवकामाच्या गोल पटाश्या फाइन आर्ट्सच्या शिल्पकला शिकणाऱ्या मुलांना हव्या असतात. लेथची लांब मुठीची हत्यारं असतील तर संखेड्याला विचारून बघा. लाखकामाचं फर्निचर करणारे खरादी तिथेच आहेत. नावाजलेला माल ऑनलाइन, एकेक करून. शुक्रवारीच्या बाजारात बसणारे घेतात, पण पुन्हा विकायच्या भावाने, म्हणून तिथे उरलासुरला न्या.

जाहिरातीत 'रंधो', 'फरसी' (पटाशी), 'वांसलो' (वाकस) हे गुजराती शब्दही घाला, इथला माणूस तेच टाइप करतो. फोटो सकाळच्या उन्हात, साध्या चादरीवर, शेजारी फूटपट्टी ठेवून: अख्खं हत्यार, शिक्का, पात्याची पाठ, आणि जो दोष आहे तो. तडा स्वतःच दाखवला की येणारा माणूस घासाघीस त्यावर करत नाही.

न बघताच भाव मान्य करून 'क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा ठग असतो. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि यूपीआयचा पिनही नाही. फसगत झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

बाहेरगावी पाठवताना पातं काढून वेगळं गुंडाळा आणि रंधा खोक्यात हलणार नाही असा दाबून भरा. सैल राहिलेला ओतीव रंधा पार्सलात तडकतो. करवतीच्या दातांवर पाण्याच्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवा.

लाकूड आणि उरलेलं

माळ्यावरच्या सागाच्या फळ्या कधी कधी हत्यारांपेक्षा महाग असतात. साग घनफुटाने विकतात: रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटांत, भागिले 144. आठ इंच रुंद, दीड इंच जाड, सहा फुटी फळी म्हणजे अर्धा घनफूट. जुन्या फळीवरून चुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर घेणाऱ्याचं ब्लेड जातं आणि भांडण तुमच्या दारात येतं.

पॉलिश, थिनर, स्पिरिटच्या अर्ध्या बाटल्या गटारात ओतू नका, पॉलिशवाला घेऊन जातो. मेलेल्या बॅटऱ्या भंगारात नाहीत, ई-कचरा घेणाऱ्याकडे. आता भंगारवाल्याला बोलवा. पण त्याआधी लेव्हलच्या पट्ट्या, गुण्याच्या कडा आणि मुठींच्या कड्या यांतलं पितळ सोडवून वेगळं ठेवा, त्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट असतो. आणि वजनकाटा आपल्या घरचा वापरा.